ऑनलाइन ज्ञानकोशात व्यक्तिलेख लिहिण्यापूर्वी: सातारा-सांगलीतील संपादकांसाठी उल्लेखनीयतेची तपासणी

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत कर्तबगार माणसांची उणीव कधीच नव्हती. त्यामुळे विकिपीडियावर नव्याने लिहू लागणाऱ्या इथल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा जे नाव येते, ते बहुधा आपल्या गावातल्या, संस्थेतल्या किंवा घराण्यातल्या एखाद्या व्यक्तीचे असते. तो आस्थेने लेख लिहितो, छायाचित्र चढवतो, आणि काही दिवसांतच लेखाच्या माथ्यावर ‘पानकाढा’ साचा, म्हणजे हे पान काढून टाकावे असे सुचवणारी सूचना, लागलेला पाहतो. त्याला हा त्या व्यक्तीचा अपमान वाटतो, आणि बहुतेक वेळा तो पुन्हा लिहायला येत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून मूठभर स्वयंसेवकांच्या कष्टांवर उभा आहे. त्याला असा एकही माणूस गमावणे परवडत नाही. म्हणून लेखाचा पहिला शब्द लिहिण्याआधी करायची तपासणी इथे सविस्तर मांडली आहे.

सर्वांत आधी प्रश्न नीट समजून घ्यावा. ‘ही व्यक्ती थोर आहे का’ हा प्रश्न ज्ञानकोश विचारत नाही, कारण त्याचे उत्तर देण्याचा अधिकार तिथे कोणालाच नाही. तो एवढेच विचारतो, की ज्यांचा या व्यक्तीशी काही हितसंबंध नाही अशा विश्वासार्ह लेखकांनी तिच्याविषयी पुरेशा विस्ताराने काही लिहून प्रसिद्ध केले आहे का. यालाच उल्लेखनीयता म्हणतात. लिहिलेले सापडले तर लेख होऊ शकतो; नसेल तर त्या व्यक्तीचे काम कितीही मोलाचे असले तरी आज लेख होऊ शकत नाही.

हा नियम इतका कडक का, हे वाईच्या उदाहरणाने समजते. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्यात कोणती नोंद घ्यायची हे संपादक मंडळ ठरवत असे, नोंद त्या विषयाचा जाणकार लिहीत असे आणि नोंदीखाली त्याचे नाव छापले जात असे. वाचकाचा विश्वास त्या नावांवर होता. विकिपीडियात लिहिणारा कोण आहे हे वाचकाला कळत नाही, संपादक मंडळ नाही, आणि कोणीही कोणतेही वाक्य बदलू शकतो. अशा ठिकाणी वाचकाने विश्वास ठेवावा असा एकच आधार उरतो, तो म्हणजे वाक्याखालचा संदर्भ. छापील कोशाला पानांची मर्यादा असते. ऑनलाइन कोशाला जागेची मर्यादा नसते, म्हणून कोणालाही सामावून घ्यायला हरकत नसावी असे अनेकांना वाटते. परंतु पडताळणीची मर्यादा त्यालाही असतेच, आणि जिथे पडताळून पाहण्यासारखे काही प्रसिद्ध झालेले नाही तिथे लेख म्हणजे केवळ लिहिणाऱ्याचा शब्द उरतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. व्यक्तीविषयी जे जे छापून आले आहे ते गोळा करावे आणि त्यातले सर्वांत भक्कम असे तीन संदर्भ बाजूला काढावेत. तीनच का, तर ज्याच्याकडे तीन चांगले संदर्भ नसतात तो तीस किरकोळ संदर्भांची रास घालतो, आणि तपासणाऱ्याला ती रास पाहताच संशय येतो. प्रत्येक संदर्भ तीन बाजूंनी पारखावा. पहिली बाजू विस्ताराची: त्यात त्या व्यक्तीविषयी निदान काही परिच्छेद आहेत, की ‘कार्यक्रमास पुढील मान्यवर उपस्थित होते’ या यादीत फक्त नाव आले आहे? दुसरी बाजू अलिप्ततेची: लिहिणारा आणि छापणारा त्या व्यक्तीपासून, तिच्या कुटुंबापासून, पक्षापासून आणि संस्थेपासून वेगळा आहे का? तिसरी बाजू विश्वासार्हतेची: मजकूर तपासून छापणारी काही संपादकीय व्यवस्था त्यामागे आहे का? या तिन्ही कसोट्या एकाच संदर्भाने एकाच वेळी पूर्ण करायला हव्यात. विस्तृत पण घरच्यांनी छापलेले चरित्र, आणि अलिप्त पण एका ओळीची बातमी, ही दोन एकत्र ठेवून एक चांगला संदर्भ तयार होत नाही.

यांतली अलिप्ततेची कसोटी आपल्याकडे सर्वाधिक चुकते, म्हणून तिथे थोडे थांबणे आवश्यक आहे. आपल्या भागातील छापील मजकुराचा मोठा हिस्सा दिसायला स्वतंत्र असतो आणि प्रत्यक्षात नसतो. वाढदिवसाची पुरवणी हे त्याचे ठळक उदाहरण. एखाद्या कारखान्याच्या अध्यक्षांच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या सचिवांच्या वाढदिवसाला मोठ्या दैनिकाबरोबर चार किंवा आठ पानांची पुरवणी येते, तिच्यात जीवनचरित्र असते, छायाचित्रे असतात, मान्यवरांचे लेख असतात. मात्र त्या पानांचा खर्च जाहिरातींतून निघालेला असतो आणि मजकूर बहुधा त्या संस्थेच्या कार्यालयातूनच गेलेला असतो. दैनिकाचे नाव कितीही मोठे असले तरी उल्लेखनीयता ठरवताना ही पुरवणी शून्य धरावी. पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या प्रकारांची चौकशी प्रेस कौन्सिलने २००९ च्या निवडणुकांनंतर केली आणि २०१० मध्ये त्यावर अहवाल तयार झाला. महाराष्ट्रातील निवडणूक त्या चर्चेच्या केंद्रस्थानी होती. तेव्हा ही शंका घेणे म्हणजे कोणावर अन्याय करणे नव्हे.

प्रेस नोटवरून छापलेली बातमी ओळखायची सोपी रीत अशी, की त्याच दिवशीची दोन-तीन दैनिके समोर ठेवावीत. वाक्यरचना आणि विशेषणे जशीच्या तशी जुळली, तर ती तीन वृत्तपत्रे मिळून एकच स्रोत आहे, आणि तो स्रोत स्वतः ती व्यक्ती आहे. गौरवग्रंथ, संस्थेची स्मरणिका, कारखान्याचा वार्षिक अहवाल, पुण्यतिथीचा विशेषांक यांचेही तसेच. त्यांतून जन्मतारीख, शाळेचे नाव, पदांची वर्षे असा साधा तपशील घेता येतो, पण लेख असावा की नसावा हे ठरवताना त्यांची साक्ष चालत नाही. मुलाखतीतही व्यक्ती स्वतःविषयीच बोलत असते. मुलाखत घेणाऱ्याने प्रास्ताविकात स्वतःचे काही निरीक्षण आणि मूल्यमापन लिहिले असेल, तर तेवढाच भाग उपयोगी.

पुरस्कारांच्या बाबतीत तर फारच सावध राहावे. ‘राज्यस्तरीय आदर्श’ या शब्दांनी सुरू होणारे पुरस्कार आपल्याकडे दरवर्षी असंख्य संस्था देतात, काही ठिकाणी नावनोंदणीचे शुल्कही घेतले जाते, आणि मानद डॉक्टरेट देणाऱ्या अपरिचित विद्यापीठांचीही वानवा नाही. पुरस्कार खरोखर महत्त्वाचा आहे का, हे पाहण्यासाठी त्या पुरस्काराची दखल देणाऱ्या संस्थेबाहेरच्या कोणी घेतली आहे का, हे तपासावे. साहित्य अकादमी, संगीत नाटक अकादमी, अर्जुन, पद्म अशा पुरस्कारांबाबत हा प्रश्न पडत नाही. यादीत पंचवीस पुरस्कार असतील आणि त्यांतला एकही या कसोटीला उतरत नसेल, तर लेखात ती यादी देऊच नये. तिने लेखाचे नुकसानच होते.

समाजमाध्यमांवरील अनुयायांची संख्या, व्हिडिओ पाहणाऱ्यांची संख्या, फ्लेक्सवरची छबी यांपैकी काहीही पुरावा नाही. तसेच एखाद्या अलीकडच्या वृत्तलेखातील मजकूर खुद्द विकिपीडियावरूनच उचललेला नाही ना, हे तारखा लावून पाहावे. नाहीतर लेख स्वतःचाच दाखला देऊ लागतो. आणि कोणत्याही यंत्राने सुचवलेला संदर्भ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घेऊ नये, कारण अस्तित्वातच नसलेले ग्रंथ आणि पृष्ठक्रमांक अशा याद्यांत सहज आढळतात.

हे सर्व वगळल्यावर हाती काहीच उरत नाही असे वाटू शकते. अशा वेळी निराश होण्यापूर्वी शोध खरोखर पुरा झाला का, हे पाहावे. इंटरनेटवर नाही म्हणजे कुठेच नाही, हा निष्कर्ष मराठीच्या बाबतीत हमखास चुकतो. आपल्या दैनिकांचे जुने अंक फार थोड्या प्रमाणात ऑनलाइन शोधता येतात. विकिपीडियाला छापील संदर्भ पूर्णपणे चालतो. दैनिकाचे नाव, आवृत्ती, तारीख, पृष्ठ आणि लेखाचे शीर्षक एवढे दिले की पुरे. आवृत्ती लिहायला विसरू नये, कारण एकाच दैनिकाच्या सांगली आणि सातारा आवृत्तींची आतली पाने वेगळी असतात. साताऱ्याचे आणि सांगलीचे जुने नगर वाचनालय, महाविद्यालयांची ग्रंथालये, जिल्हा गॅझेटिअर, आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात उपलब्ध असलेले शिवाजी विद्यापीठाचे पीएच.डी.चे प्रबंध या ठिकाणी असे बरेच काही पडून आहे, ज्याचा सर्च इंजिनला पत्ताही नाही.

शोधताना प्रशासकीय इतिहास लक्षात ठेवावा लागतो. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून वाळवा, तासगाव किंवा खानापूर भागातील व्यक्तीविषयीचा जुना मजकूर ‘सातारा’ या नावाखाली शोधावा लागतो. यशवंतराव चव्हाणांचे देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे, पण १९१३ मध्ये ते साताऱ्यात होते. कुंडल आणि आटपाडी हा भाग तर औंध संस्थानात होता. तेथील माणसाची नोंद ब्रिटिश जिल्ह्याच्या कागदपत्रांऐवजी संस्थानच्या कागदपत्रांत आणि संस्थानविषयक ग्रंथांत मिळण्याची शक्यता अधिक. सांगली, मिरज, जत, फलटण या संस्थानांबाबतही हेच ध्यानात घ्यावे.

नावांचेही तसेच आहे. पठ्ठे बापूराव हे नाव सर्वांना ठाऊक असते, पण वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षच्या या शाहिराविषयीचा काही मजकूर श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या नावाखाली असू शकतो. अण्णाभाऊ साठे यांचे मूळ नाव तुकाराम होते. कवलापूरचे काळू-बाळू हे तमाशातील जोडनाव आहे, दोघा भावांचे आडनाव खाडे. शाहीर, कीर्तनकार, पैलवान आणि भूमिगत कार्यकर्ते यांच्याबाबतीत टोपणनाव, गावावरून पडलेले नाव, आद्याक्षरे आणि रोमन लिपीतील निरनिराळी स्पेलिंग असे सर्व पर्याय शोधून पाहिल्याखेरीज ‘संदर्भ नाहीत’ असे म्हणू नये.

अपुऱ्या शोधाची किंमत काय असते, हे विकिपीडियाने एकदा जगासमोर अनुभवले आहे. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला, कारण दिलेल्या संदर्भांवरून त्यांची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही असे तपासणाऱ्याला वाटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि तोवर त्यांच्यावर लेख नव्हता. लेखात दिलेले संदर्भ अपुरे असणे आणि जगात संदर्भच नसणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निर्णय दुसऱ्या गोष्टीवर व्हायला हवा. पण लेख लिहिणाऱ्याने आपले काम नीट केले नाही, तर तो पहिल्यावरच होतो. स्त्रियांच्या बाबतीत ही गफलत अधिक होते, कारण त्यांच्याविषयी मुळात कमी छापले गेले आणि जे छापले गेले ते अनेकदा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावाखाली गेले.

काही क्षेत्रांत सोयीचे ठोकताळे आहेत. संसदेचे किंवा विधिमंडळाचे सदस्य झालेल्या व्यक्तीविषयी पुरेसे लेखन असणारच असे गृहीत धरले जाते. नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, सरपंच, बँकेचे किंवा कारखान्याचे संचालक यांच्याबाबतीत तसे गृहीत धरत नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले, किंवा साताऱ्याच्या आदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनमध्ये तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद जिंकले, अशा ठिकाणी शंकेला जागाच नाही. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. त्यांच्याविषयी देशभर लिहिले गेले. परंतु नुसता ‘स्पर्धेत भाग घेतला’ हा आधार आता पुरत नाही: २०२२ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने खेळाडूंसाठीचे केवळ सहभागावर आधारलेले निकष काढून टाकले. तालुक्याची किंवा जिल्ह्याची कुस्ती गाजवणाऱ्या पैलवानासाठी म्हणूनच स्वतंत्र, विस्तृत लेखन शोधावे लागते. लेखकांसाठी पुस्तकांची संख्या बिनमहत्त्वाची. पुस्तकांवर इतरांनी लिहिलेली परीक्षणे मोजावीत. प्राध्यापकांसाठी पद आणि सेवेची वर्षे यांपेक्षा त्यांच्या संशोधनाचा इतर संशोधकांनी किती आधार घेतला, हे पाहतात. हे सर्व ठोकताळेच आहेत. त्यांत बसणाऱ्या व्यक्तीविषयीही प्रत्यक्ष संदर्भ द्यावेच लागतात, आणि प्रत्येक भाषेतील विकिपीडियाचा समुदाय आपले नियम स्वतः ठरवतो, त्यामुळे एका भाषेत लेख आहे म्हणून दुसऱ्या भाषेत तो राहीलच असे नाही.

नात्याने उल्लेखनीयता मिळत नाही. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नातेवाईक असणे हा लेखाचा आधार होऊ शकत नाही. परंतु त्यांच्या कन्या हौसाबाई पाटील या प्रतिसरकारच्या लढ्यात स्वतः उतरल्या होत्या, त्यांच्या कामाविषयी स्वतंत्रपणे लिहिले गेले आहे, आणि २०२१ मध्ये त्यांच्या निधनानंतरही त्यांच्या स्वतःच्या कामाची दखल घेतली गेली. तिथे आधार त्यांच्या कार्याविषयीच्या लेखनाचा आहे. दोन्हींतला फरक पाहण्याची सोपी पद्धत म्हणजे संदर्भातून प्रसिद्ध नातेवाइकाचे नाव मनातल्या मनात वगळावे आणि व्यक्तीविषयी काय उरते ते पाहावे.

एकाच घटनेमुळे ज्यांचे नाव नोंदले गेले, त्यांच्याबाबतीत बहुधा घटनेचा लेख योग्य ठरतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्च्यावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. या नऊ जणांविषयी प्रत्येकी दोन-दोन ओळींचे नऊ लेख करण्यापेक्षा वडूजच्या मोर्च्याचा एक सकस लेख करून त्यात सर्वांची नावे, गावे आणि उपलब्ध माहिती द्यावी. यात हुतात्म्यांचा मान कमी होतो असे मला मुळीच वाटत नाही; विखुरलेल्या तुटपुंज्या पानांपेक्षा एकसंध लेख अधिक वाचला जातो आणि अधिक टिकतो. एखाद्याच्या जीवनाविषयी पुढे स्वतंत्र साधने मिळाली, तर त्याचा लेख तेव्हा वेगळा करता येतो. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले. ताम्रपटधारकांच्या यादीतील नाव हा त्या व्यक्तीच्या सहभागाचा पुरावा आहे, पण यादीतून चरित्र लिहिता येत नाही.

व्यक्ती हयात असेल तर आणखी काळजी घ्यावी. एखाद्या गुन्ह्यात किंवा वादात नाव आले, चार दिवस बातम्या चालल्या, म्हणून सामान्य माणसाच्या नावाने कायमस्वरूपी पान तयार करणे अन्यायाचे आहे. न्यायालयाचा निकाल लागण्याआधी तर तसे करूच नये. घरचा पत्ता, मुलांची नावे, आजार, जात अशा गोष्टी भक्कम संदर्भ आणि स्पष्ट गरज यांशिवाय लिहू नयेत. आणि वादग्रस्त विधानाला संदर्भ नसेल, तर चर्चेची वाट न पाहता ते काढून टाकले जाते, हे पक्के लक्षात ठेवावे.

लिहिणाऱ्याने स्वतःकडेही पाहायला हवे. आपण त्या व्यक्तीचे नातेवाईक, कार्यकर्ते, विद्यार्थी किंवा तिच्या संस्थेचे नोकर असाल, तर लेख स्वतः तयार करू नये. संदर्भ गोळा करून ते लेखाच्या चर्चा पानावर किंवा चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, मांडावेत, आपले नाते स्पष्ट सांगावे आणि लेखाचा निर्णय इतर सदस्यांवर सोपवावा. लिहिण्यासाठी पैसे मिळत असतील, तर ते जाहीर करणे बंधनकारक आहे. ‘लेख करून देतो’ म्हणून पैसे मागणारे लोक आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. लेख ठेवण्याचा शब्द कोणीही देऊ शकत नाही, एवढे संबंधित कुटुंबांना अवश्य सांगावे.

तपासणीचे उत्तर नकारार्थी आले, तरी काम संपत नाही. निष्ठेने चाळीस वर्षे शाळा चालवणाऱ्या शिक्षकाचा उल्लेख गावाच्या किंवा शाळेच्या लेखात, संदर्भ देऊन, एका परिच्छेदात करता येतो. मिरजेत सतारी बनवणाऱ्या एखाद्या कारागिराविषयी वेगळ्या लेखाइतके लिहिलेले मिळाले नाही, तर त्या कारागिरीच्या लेखात त्याला जागा आहे. स्वतः काढलेली छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर चढवता येतात. प्रताधिकार संपलेले जुने ग्रंथ विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहात आणता येतात. सर्वांत मोलाचे म्हणजे ज्याच्याविषयी कोणी लिहिलेले नाही त्याच्याविषयी नियतकालिकात, स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात, प्रबंधात कोणीतरी अभ्यास करून लिहायला हवे. ज्ञानकोश हे त्या लेखनाच्या नंतर येणारे ठिकाण आहे.

उत्तर होकारार्थी असेल, तर लेख थेट मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रसिद्ध लेखांच्या जागी, न लिहिता आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहावा. आधी तीन भक्कम संदर्भ मांडावेत आणि त्यांत जे आहे तेवढेच आपल्या शब्दांत लिहावे. ‘थोर’, ‘झुंजार’, ‘अष्टपैलू’, ‘आदरणीय’ ही विशेषणे आणि नावामागचे ‘मा.’, ‘श्री.’ गाळावेत. पहिल्याच परिच्छेदात ती व्यक्ती कशासाठी ओळखली जाते ते सांगावे, म्हणजे तपासणाऱ्याला लेखाचा आधार शोधत बसावे लागत नाही. तरीही ‘पानकाढा’ साचा लागला, तर तो स्वतः काढू नये आणि त्या सदस्याशी वाद घालू नये. चर्चा पानावर त्या तीन संदर्भांची नावे, तारखा आणि पृष्ठे द्यावीत, प्रत्येकात व्यक्तीविषयी किती मजकूर आहे आणि तो कोणी लिहिला आहे हे दोन वाक्यांत सांगावे, छापील पानाची प्रत आपल्यापाशी ठेवावी आणि प्रचालकांनी, म्हणजे पाने काढण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांनी, विचारल्यास ती दाखवण्याची तयारी कळवावी.